दांडीखालची खिटी

आमचं बिऱ्हाड शहापुरात उतरलं त्या दिवशी घरमालक आमच्याशी बोलण्याआधी टेम्पोवाल्याशी बोलले. टेम्पोच्या मागून आमच्या लोखंडी खाटेचे पाय हातभर बाहेर आले होते. घरमालक जरा लंगडत फाटकापाशी आले, खाटेकडे बघितलं आणि विचारलं, "लाल फडका कुठं हाय?" टेम्पोवाला म्हणाला, आता अंगणात तर शिरायचंय, फडका कशाला. त्यावर ते आत गेले, लाल चिंधी घेऊन आले, खाटेच्या पायाला तिची गाठ मारली आणि मगच फाटक उघडलं. टेम्पो आत आला, थांबला. त्यांनी चिंधी सोडली, घडी केली, खिशात ठेवली. मी नवऱ्याकडे बघितलं. इथून आसनगाव स्टेशन जवळ आहे तेव्हा गप्प बस, असं नवऱ्याने डोळ्यांनीच सांगितलं.

आळीत सगळे त्यांना डायवरकाका म्हणायचे. मीही तेच म्हणायला लागले. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव 'बाई' असं झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. तेव्हा नव्वदचं दशक होतं. आम्ही दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि त्यांच्याच घरात पुढची खूप वर्षं राहिलो. दोन वेळा बदलीची संधी आली, तरी निघालो नाही. घर काही खास नव्हतं. पाणी एक दिवसाआड यायचं आणि न्हाणीघराचं दार कधीच नीट लागलं नाही.

काकांनी तरुणपणापासून एका व्यापाऱ्याचा ट्रक चालवला होता. मुरबाड-धसईकडचं भात आणि पेंढा कल्याण-भिवंडीला न्यायचा, आणि मधूनमधून कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे. तो घाटच त्यांना नडला. एका वळणावर पुढे एक ट्रक उभा होता आणि त्याच्या मागे दिवा नव्हता. काकांनी ब्रेक मारला, पण पुढचा भाग चेपला जायचा तो चेपलाच. डावा पाय क्लचपाशी अडकला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. मी तिथे गेले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. ते कृत्रिम पायावर चालत, घराच्या दोन खोल्या भाड्याने देत आणि थोडं भात दुसऱ्याकडून लावून घेत. अपघाताबद्दल विचारलं तर एवढंच म्हणायचे, "त्याचा दिवा लागत नव्हता. बाकी काय नाय." त्या ड्रायव्हरला त्यांनी कधी शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही.

पण लाल चिंध्यांचा नाद त्यांना तेव्हापासून लागला. काकूंच्या जुन्या लाल लुगड्यांचा घरात दुसरा उपयोगच नव्हता. सकाळी काका फाटकाशी उभे राहायचे. बांबू लादलेली बैलगाडी दिसली की थांबवायचे. सायकलला मागे लोखंडी सळ्या बांधून कुणी निघाला की त्याला हाक मारायचे, आणि तो थांबला नाही तर त्याच्या मागे तसेच लंगडत जायचे. लोक हसत. काही जण मुद्दाम त्यांच्या फाटकावरून जाताना लांबूनच आपला शर्ट हलवून दाखवत. काकांना थट्टा कळायची, पण तिचा परिणाम काही व्हायचा नाही.

कुठेही निघायचं म्हणजे आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, टायर काठीने वाजवून बघायचे, ही ट्रकवाल्यांची सवय. त्यांच्याकडे ट्रक उरला नव्हता, सवय मात्र उरली होती. आमच्या स्कूटरभोवती ते रोज फिरायचे. पाहुणे निघाले की पाहुण्यांच्या गाडीभोवती. एकदा मला ताप होता तर माझ्या खुर्चीभोवतीही एक चक्कर मारून त्यांनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, इंजिन गरम हाय, आज शाळेत जाऊ नका. माझा नवरा रोज सकाळी घाईत निघायचा. तो तिसऱ्या गिअरवर गाडी उचलतो, असं त्यांचं मत होतं. आमचे मुख्याध्यापक आज एक आणि उद्या दुसरं बोलायचे. ते न्यूट्रलवाले. माणसाची एवढी अचूक पारख मी पुढे कुणाकडून ऐकली नाही.

"आधी पाय, मग हात" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पाय ब्रेकवर गेल्याशिवाय हात कशालाही लावायचा नाही, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण ते हे वाक्य कुठेही वापरत. लग्न ठरवायला निघालेल्या माणसाला हेच सांगत, विहिरीवर पंप बसवणाऱ्यालाही हेच. मी एकदा रागाच्या भरात शाळेला राजीनामा लिहायला बसले होते, तेव्हाही दारातून हेच सांगून गेले. राजीनामा राहिला.

काकू त्यांच्या अगदी उलट. लहानखुऱ्या, कामाला चटपटीत, बोलायला मोजक्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. माहेर धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आईबाप गेलेले, एक धाकटा भाऊ तेवढा होता आणि त्याला काकूंनीच कडेवर वाढवलेलं. काकांचा ट्रक इतकी वर्षं त्या भावाच्या घरावरून भात न्यायचा. पण ट्रकच्या केबिनमध्ये बाईमाणूस बसवायचं नाही, हा व्यापाऱ्याचा नियम होता आणि काकांनी तो कधी मोडला नाही. काकू माहेरी निघाल्या की एसटीत उभ्या असायच्या आणि मागून नवऱ्याचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे जायचा. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा हसत सांगितली. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"दाल्ला डायवर, आन् मी त्याच्या गाडीत कदी बसले नाय," त्या म्हणाल्या. मग पाय गेला आणि तो विषयच संपला.

तो विषय पुन्हा सुरू झाला मुरबाडजवळच्या एका फार्महाऊसमुळे. तिथल्या मुंबईच्या साहेबांची थोडी जमीन काका बघत असत. साहेबांकडे एक छोटी ऑटोमॅटिक गाडी होती. त्यांच्या बायकोला शिकायला म्हणून घेतलेली आणि ती शिकून कंटाळल्यावर पडून राहिलेली. तिला क्लच नव्हता. डाव्या पायाला कामच नव्हतं. साहेबांनी ती काकांना देऊन टाकल्यासारखीच दिली. ठाण्याला खेपा घालून काकांनी नवं लायसन काढलं आणि दोन हजार सालाच्या पुढे कधीतरी, एका उन्हाळ्यात, ती गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. बघायला आळी लोटली. खाली दोनच पेडल बघून एकाने, तिसरं चोरीला गेलं का, असं अगदी मनापासून विचारलं.

काकूंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि सांगून ठेवलं की आपण पहिल्यांदा बसू ते भावाकडे जायलाच. बाजाराला नाही, देवाला नाही. नवऱ्याने चालवायची, आपण शेजारी बसायचं आणि भावाच्या अंगणात उतरायचं. एवढंच त्यांना हवं होतं. काका म्हणाले, हात बसू दे.

"तिच्यात हाताला काम काय हाय?" काकूंनी विचारलं. काका टायर वाजवून बघू लागले.

खरं म्हणजे काका त्या गाडीच्या नव्हे, तिच्यातल्या एका खिटीच्या प्रेमात पडले होते. त्याचं असं झालं की, गाडी नवी असतानाच एकदा बॅटरी उतरली. आळीतली पोरं धक्का मारायला आली. गाडी हलेना. हँडब्रेक सोडलेला, तरी चाकं जागची हलेनात. गिअरची दांडी पार्किंगवर होती आणि ती तिथून निघत नव्हती. पोरांनी जोर लावला, एकाने दांडीला लटकून बघितलं. शेवटी साहेबांचा कल्याणचा मेकॅनिक आला आणि त्याने दांडीच्या शेजारचं एक बारकं झाकण उचकटलं. खाली फट होती. तिच्यात त्याने गाडीची किल्ली खुपसली, दाबली आणि दांडी लोण्यातून काढावी तशी बाहेर आली. पण ही गाडी ढकलून चालू होत नसते, असंही त्याने सांगितलं. पोरं हिरमुसली.

काकांनी त्या मेकॅनिकला जेवायला घातलं आणि सगळं समजून घेतलं. पुढे त्यांनी मला ते इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगू शकेन. दांडी पार्किंगवर असली की तिच्या बुडाशी एक खिटी आडवी अडकते. दाराला असते तशीच, फक्त बोटाएवढी. नुसती ओढून दांडी निघत नाही. किल्ली फिरवलेली पाहिजे आणि पाय ब्रेकवर पाहिजे. ब्रेक दाबला की पेडलच्या वरचं बटण चालू होतं. त्याच्यातून करंट निघतो तो मागच्या लाल दिव्यांना जातो, आणि त्यातलाच एक फाटा दांडीखालच्या चुंबकाला जातो. चुंबक खिटी ओढून घेतो, टक् असा आवाज येतो आणि दांडी सुटते. पाय नसेल तर दांडी नाही. खिळ्याला तार गुंडाळून आणि सेल जोडून चुंबक कसा होतो हे मी त्यांना शाळेतलं सामान आणून दाखवलं, तेव्हा त्यांनी काकूंना चुलीपासून उठवून बोलावलं.

"ज्याने ही खिटी बनवली ना बाई, त्याने नक्की ट्रक चालवला असनार," ते म्हणाले. त्यांच्यासारखंच कुणीतरी कुठल्यातरी लांबच्या देशात बसलंय, याचा त्यांना फार आधार वाटला असावा. आयुष्यभर लोक ज्याला हसले तेच 'आधी पाय, मग हात' कुणीतरी लोखंडात करून ठेवलं होतं. संध्याकाळी ते गाडीत जाऊन बसत, ब्रेक दाबत, कान देऊन तो टक् ऐकत, दांडी मागे घेत, पुढे घेत, गाडी अंगणात इकडून तिकडे हलवत. काकू पायरीवर बसून तांदूळ निवडत आणि बघत. उन्हाळा गेला, पाऊस गेला. हात अजून बसतच होता.

दसऱ्याला त्यांनी गाडीला दागिना केला. भंगारातून जुन्या ट्रकचे दोन मोठे लाल दिवे आणले आणि मागच्या काचेच्या खाली बसवले. कंपनीचे दिवे फार बारके आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्या दिव्यांची वायर डिकीतून नेऊन ब्रेकच्या दिव्यांच्या वायरीला स्वतः जोडली, टेप गुंडाळला. ब्रेक दाबला की आमच्या अंगणाची भिंत लाल व्हायची. त्या छोट्याशा गाडीला ते दिवे अगदी शोभत नव्हते. मी तसं म्हटलंही. त्यांनी उत्तर दिलं की, शोभेसाठी नाय, मागच्यासाठी हाय.

दिवाळीच्या आधी धसईहून निरोप आला. काकूंच्या भावाची छाती बरेच दिवस धरली होती, आता त्याला अंथरुणातून उठवत नव्हतं. तो बहिणीला आठवत होता. काकूंनी निरोप धाडला की भाऊबीजेला येतो, आमची गाडी घेऊन येतो. आता काकाही तयार झाले होते. आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला.

भाऊबीजेच्या सकाळी काकू हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर कापडात बांधलेलं ओवाळणीचं ताट होतं. मी त्यांना असं बसलेलं बघून हसले आणि त्याही लाजल्या. काकांनी फराळाचा डबा डिकीत ठेवला, झाकण दाबून बसवलं, गाडीभोवती फेरी मारली, टायर वाजवले आणि आत बसले. किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, पाय ब्रेकवर गेला.

टक् झालं नाही. दांडी हलली नाही.

त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मग मला मागे उभं राहायला सांगितलं. मी बघितलं तर एकही दिवा लागत नव्हता, कंपनीचाही नाही आणि ट्रकचाही नाही. काका कसेबसे वाकून स्टिअरिंगखाली फ्यूज बघू लागले. ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज उडाला होता. त्यांनी टेपरेकॉर्डरचा फ्यूज काढून तिथे लावला. ब्रेक दाबताच तोही उडाला. कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय, ते म्हणाले. दुकानं बंद, मेकॅनिक कल्याणला आपल्या बहिणीकडे. ते उठून उभे राहिले आणि कपाळ पुसत म्हणाले, आज जाता येनार नाय.

काकू आतच बसून होत्या. त्यांनी दांडीशेजारच्या झाकणाकडे बोट दाखवलं. काकांनी ते त्यांना कितीदा तरी कौतुकाने दाखवलेलं होतं.

"किल्ली घालून खिटी दाबा ना. गाडी निघंल."

"गाडी निघंल गो. पन मागं दिवा नाय."

"दिवसाढवळ्या दिवा कशाला लागतो? ट्रकवर उभा जन्म हात दाखवला ना तुमी? तसा हात दाखवा."

ते खरं होतं. काकांच्या त्या जुन्या ट्रकला दिवे कधी धड नव्हते. थांबायचं असलं की खिडकीतून हात बाहेर काढायचा, हीच तेव्हाची रीत. काकांनी वाकून झाकणावर बोट ठेवलं. मला वाटलं, ते किल्ली काढून फटीत घालतील.

"ज्याने मला दिवा नाय दाखवला, त्याच्यापायी माझा पाय गेला," ते शेवटी म्हणाले. "मी कुनासाठी तसा होनार नाय. तुज्यासाठी पन नाय."

काकूंनी ताटाची गाठ पुन्हा आवळली. मग ताट सांभाळत उतरल्या, डिकी उघडून डबा काढला आणि चालायला लागल्या. मी डबा धरून त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. किन्हवलीच्या रस्त्याला जाणारी एक जीप उभी होती, भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. सणाचा दिवस, लोक घराघरांत. आम्ही किती वेळ बसून होतो ते मला आठवत नाही. काकू एकदाच बोलल्या. भावाने आपली खाट अंगणात काढून घेतली असेल, त्या म्हणाल्या, गाडी बघायला. सरळगावला उतरून त्यांना आणखी एक जीप पकडायची होती.

मी परत आले तेव्हा काका गाडीतच बसले होते. इंजिन चालूच होतं, पाय ब्रेकवर होता.

फोन आमच्याकडे आला, दुपार कलल्यावर. भाऊ गेला होता, काकू पोचायच्या थोडा वेळ आधी. खाट खरंच अंगणात काढलेली होती. सकाळपासून तो, आली का गाडी, आली का गाडी, असं विचारत होता. ओवाळायचं राहिलं. मी हे सगळं गाडीपाशी जाऊन काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त किल्ली फिरवून गाडी बंद केली.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. त्याने आधी डिकीच उघडली. ट्रकच्या दिव्यांची जी वायर काकांनी जोडली होती ती डिकीच्या झाकणाखाली येऊन चेपली होती, तिची साल निघून तांबं पत्र्याला लागलं होतं. फराळाचा डबा ठेवून झाकण दाबलं तेव्हाच हे झालं असणार, तो म्हणाला. मागचे ते जादाचे दिवे नसते तर गाडी सकाळीच निघाली असती. काका ते ऐकून काकूंकडे गेले. त्या माहेराहून तेव्हाच परतल्या होत्या. काकांनी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. काकू म्हणाल्या, बरं. आणि चहा टाकायला गेल्या.

मला काकांचा तेव्हा भयंकर राग आला होता. थोडासा अजूनही येतो. माणूस बरोबर असला म्हणजे काय वाटेल ते करायला मोकळा होतो का? त्या गाडीतून दिवसाउजेडी, हळू हळू, हात दाखवत धसईपर्यंत जाता आलं असतं, हे मला कळत होतं, तर त्यांना का कळू नये? पण ज्याचा पाय दुसऱ्याच्या न लागलेल्या दिव्याने गेला, त्याला मी ते कुठल्या तोंडाने सांगणार? इतकी वर्षं झाली, मला याचं उत्तर मिळालेलं नाही. ती दोघं मात्र त्या सकाळीतच अडकून पडली.

काकू त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. काकांचा डबा, औषध, पायाची पट्टी सगळं पहिल्यासारखं. पण कुठे निघायचं झालं आणि काका किल्ली घेऊन उभे राहिले की शांतपणे म्हणायच्या, "तुमी जा, मी जीपनं येते." काकांनी आग्रह करून बघितला, ट्रकचे दिवे उखडून टाकले, मला मध्ये घातलं. मी काकूंना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, त्या गाडीत बसायचं म्हटलं की भाऊ अंगणात पडलेला दिसतो, माझा काही त्यांच्यावर राग नाय. मी तसंच काकांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

आणि मग काकांनी ते सुरू केलं, ज्यासाठी शहापूर त्यांना खरं वेडा म्हणायला लागलं. काकू जीपमध्ये बसल्या की काका आपली गाडी घेऊन त्या जीपच्या मागे निघायचे. भावजयीकडे धसईला, बाजाराला, लग्नाला, दवाखान्यात. पुढे माणसांनी गच्च भरलेली जीप, मागे रिकामी गाडी आणि तिच्यात एकटा म्हातारा. जीप थांबली की हे थांबणार, निघाली की निघणार. गाडीचे ब्रेकचे दिवे आता ठणठणीत लागत होते, तरी थांबताना ते खिडकीतून उजवा हात बाहेर काढून दाखवत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला ऑटोमॅटिक गाडीत ट्रक आठवतो. त्यांना काय आठवत होतं हे मला माहीत होतं. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून गेले, तेव्हा त्यांनी हात आत घेत आपणहून सांगितलं.

"ती बोलली तवा एवढंच करायचं होतं, बाई. एवढंच. आता करतोय तर बघायला ती शेजारी नाय."

मी समोर बघत राहिले. पुढच्या जीपच्या मागच्या बाकावर, अगदी टोकाला, पदर सावरत काकू बसल्या होत्या. जीप आत रिकामी असली तरी त्या तिथेच बसायच्या, धूळ खात, मागे तोंड करून. मला वाटायचं, उतरायला सोपं जातं म्हणून बसत असतील. त्या दिवशी मी काकांच्या बाजूने बघितलं आणि मला ते कळलं. त्या सगळा वेळ आमच्या गाडीकडे बघत होत्या.

असं तीनचार वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात काकूंच्या छातीत कळा सुरू झाल्या. शहापूरच्या डॉक्टरांनी कल्याणला हलवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ मी बसले. काका आत चढले नाहीत, मागून निघाले. हायवेवर काकूंनी एकदा डोळे उघडले आणि ओठ हलवले. मी वाकले.

"मागं हायत ना?"

मी पडदा बाजूला करून बघितलं. हायत, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मला फार वाटलं की गाडी थांबवावी, काकांना आत घ्यावं, त्यांचा हात यांच्या हातात द्यावा. पण थांबायला वेळ नव्हता. कल्याणला पोचल्यावर त्यांना आत नेलं आणि त्या पुढे कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

परत आणायला ॲम्ब्युलन्सच होती. काकांचे पुतणे आले होते, माझा नवरा होता. काकूंना आत ठेवल्यावर मी काकांचा हात धरला आणि म्हटलं, काका, आता तरी काकूंजवळ बसा, तुमची गाडी हे घेऊन येतील. पुतण्यांनीही सांगितलं. काका ॲम्ब्युलन्सच्या दारापर्यंत आले. काकूंच्या पायांवरची चादर त्यांनी नीट केली. मग किल्ली खिशातून काढून हातात घेतली.

"नको बाई. तिने मागं बघितलं तर मी दिसायला पायजे."

ते आपल्या गाडीकडे गेले. मी आत चढले, काकूंच्या उशाशी बसले आणि मागच्या काचेवरचा पडदा शहापूर येईपर्यंत सरकवून धरला.